ओळखीची बाई

ग्योतोकु,
५ नोव्हेंबर २०१४

ती. मामा,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून ईमेल लिहिते आहे, आणि आडवी पडून लिहिते आहे, तेव्हा चुका पोटात घाला. आई विमानातून उतरली, पण विमानतळाबाहेर आली नाही.

राजस सकाळपासून तिथं उभा होता. तिच्या विमानातली सगळी माणसं आली, झोपलेली पोरं ट्रॉलीवर घालून आली, शेवटी वैमानिकसुद्धा बॅग ओढत निघून गेला. आई नाही. मग राजसचाच फोन वाजला. आतून इमिग्रेशनचा अधिकारी बोलत होता. सासूबाई कशासाठी आल्यात, असं त्यानं विचारलं. व्हिसाच्या अर्जावर 'भेट व पर्यटन' लिहिलेलं आहे हे राजसच्या डोक्यात पक्कं, आणि तो घाबरला होता. फिरायला आल्यात, टोकियो बघतील आणि जातील, असं तो सांगून बसला.

तिकडे आईनं भलतंच सांगून ठेवलं होतं. भलतं म्हणजे खरं. फोनवर हिंदीचा दुभाषी होता. मुलीचं बाळंतपण करायला आले, असं ती म्हणाली. मग त्यांनी बॅग उघडली. डिंकाचे लाडू, हळीव, वेखंड, बाळंतशोपा आणि तेलाच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीवर एकेका बाईच्या नावाची चिठ्ठी. त्याचं असं, की आई येणार म्हटल्यावर माझ्या शेजारच्या कश्मिरानं मराठी मंडळात बातमी फोडली. इथल्या मराठी बायकांची बाळं, त्यांना न्हाऊमाखू घालायला आजी कुठून आणायची? आमच्याही बाळाला थोडे दिवस तेल लावून द्या काकू, असं चार-पाच जणींनी विचारलं. आईला तर काय, आनंदच. तिनं प्रत्येकीसाठी वेगळं तेल कढवून आणलं.

अधिकाऱ्यानं विचारलं, या सगळ्यांच्या मुलांचं तुम्ही करणार का? ती म्हणाली, हो तर. बदल्यात त्या काही देतील का? त्यावर आई म्हणाली, रिकाम्या हातानं कोण पाठवतं, ओटी भरतील, साडी नेसवतील. तिला वाटलं, आपल्या मुलीच्या मैत्रिणी कशा चांगल्या घरच्या आहेत ते सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, की बाई कामाला आली आहे, मोबदला ठरलेला आहे, आणि जावई खोटं बोलतो आहे.

मामा, वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे म्हणून डॉक्टरांनी मला उठायची बंदी केली आहे. भूकंपाच्या वर्षी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हाही आईचं तिकीट काढलेलं होतं, अणुभट्टीच्या बातम्या ऐकून सगळ्यांनी तिला अडवलं, आणि सातव्या महिन्यात मी दवाखान्यात एकटी होते. ते बाळ राहिलं नाही. आता पुन्हा आठवा लागलाय. मला आई इथं हवी आहे. काय करू ते सांगा.

सुरुची

सातारा,
५ नोव्हेंबर

चि. सुरुची,

आधी रडणं थांबव. रडून आजवर एकही दावा निकाली निघालेला नाही.

प्रभा खरं बोलली, यात मला नवल नाही. तिला दुसरं येतच नाही. लहानपणी मी आंबे चोरायचो आणि वडिलांपुढं साक्षीला ही उभी. पण राजसरावांना काय झालं? शिकलेला माणूस, आणि फिरायला आल्यात म्हणून सांगतो? पोटुशी लेक अंथरुणाला खिळलेली असताना कुठली आई मनोरे बघत हिंडेल? असो. जावयाला बोलायची सोय नाही.

आता कायद्याचं ऐक. तुझ्या मामानं जिल्हा न्यायालयात कोटाच्या बाह्या विरेपर्यंत काम केलं आहे. धरलेल्या माणसाला त्याच्या पसंतीचा वकील भेटू दिलाच पाहिजे. हा उपकार नाही, हक्क आहे. आपल्या घटनेत आहे, आणि जपान काही जंगल नाही, तिथंही असणार. मी वकीलपत्र स्कॅन करून सोबत जोडलं आहे. राजसरावांनी ते छापून त्या साहेबाच्या टेबलावर ठेवावं आणि म्हणावं, आमचे वकील नंदकिशोर यांच्या परवानगीशिवाय बाईंना एकही प्रश्न विचारू नका.

बाळाला तेल लावणं हा गुन्हा असेल तर साताऱ्यातल्या निम्म्या आज्या आत जातील, हेही सांगावं. तू पडून राहा.

मामा

ग्योतोकु,
६ नोव्हेंबर

ती. मामा,

तुमचं वकीलपत्र राजसनं नेलं. तिथल्या माणसानं दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचल्यासारखं केलं, आणि दोन्ही हातांनी परत दिलं. चिडला नाही, आवाज चढवला नाही. फार फार दिलगीर आहोत, एवढंच परत परत. भांडायचं तरी कुणाशी?

मग राजसनं जपानीत विचारलं, की आमच्या आईंना वकील भेटू शकतो की नाही. तेव्हा कळलं ते तुम्हाला सांगते. आई अटकेत नाही. तिच्यावर कुठलाही आरोप नाही. अटकेतल्या माणसाचे हक्क तिला लागू नाहीत, कारण अटकच नाही. आणि इथं राहणाऱ्या माणसाचे हक्कही लागू नाहीत, कारण ती अजून जपानमध्ये आलेलीच नाही. शिक्का बसेपर्यंत माणूस आलेला धरत नाहीत. मी इथं पडून तिच्या विमानाचा दिवस मोजत होते, ती माझ्यापासून दोन गाड्या बदलण्याच्या अंतरावर आहे, पण ती आलेली नाही.

तिला विमानतळाच्या आतच एका खोलीत ठेवलंय. बॅग काढून घेतली आहे. जेवायला सँडविच देतात, ती त्यात काय आहे कळत नाही म्हणून फक्त काकडी काढून खाते. उद्या दुपारी दुसरा, मोठा अधिकारी तिची तोंडी चौकशी करेल. तिथं ती नापास झाली तर दोनच वाटा, मुकाट परत जायचं किंवा हरकत घ्यायची. आम्हा दोघांना आत बसता येणार नाही. आम्हीच बोलावणारे, आमचीच उत्तरं तपासली जाताहेत.

आज संध्याकाळी तिला एक फोन करू देणार आहेत. मी काही सांगितलं तर ती ऐकणार नाही, तिच्या लेखी मी अजून झबल्यात आहे. दादा काय म्हणतो, एवढंच विचारेल. तेव्हा तुम्ही लिहा. मी जसंच्या तसं वाचून दाखवते.

सुरुची

सातारा,
६ नोव्हेंबर

सुरुची,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुंबईहून ती निघाली, पासपोर्टावर बाहेर जाण्याचा शिक्का बसला. म्हणजे भारतात ती नाही. जपानात ती पोचलेली नाही. मग माझी बहीण आहे कुठं? हा प्रश्न त्या साहेबाला कुणी विचारला का?

माझं डोकं चालेनासं झालंय, पण जन्मभर जे पाहिलं ते सांगतो. कोर्टाच्या फाटकात गांजलेली बाई दिसली की काळे कोट माशांसारखे जमतात. मी तुमचा वकील, मला साहेबांनी पाठवलं, इथं सही करा. बाई सही करते आणि घर घालवून बसते. प्रभा आत एकटी आहे, भाषा नाही, तिच्या बाजूनं बोलायला कुणी नाही. तिला गोड बोलून कुणीही कशावरही सही घेईल. तेव्हा हे वाचून दाखव:

"प्रभे, दादा सांगतोय. विचारतील त्याचं खरं उत्तर दे, जास्तीचं बोलू नकोस. कुणी अनोळखी माणूस समोर आणून हा तुमचा माणूस आहे, याला ओळखता का, असं विचारलं तर साफ सांग, ओळखत नाही. मी पाठवलेला माणूस तुला आधी कळवल्याशिवाय येणार नाही. घाबरू नकोस. सुरुचीला काही होत नाही."

एवढंच वाच.

मामा

ग्योतोकु,
७ नोव्हेंबर, सकाळ

मामा,

घात झाला.

काल आईचा फोन आला. मी तुमचं वाचून दाखवलं, एक अक्षर गाळलं नाही. तिनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं आणि शाळेत पाठ म्हणतात तसं स्वतः म्हणून दाखवलं. कुणी अनोळखी आणला तर साफ सांगायचं, ओळखत नाही. मग म्हणाली, आता मी फोन करणार नाही, तू फोनसाठी उठतेस, पडून राहा. आणि ठेवून दिला.

त्यानंतर राजसच्या तोयोसूच्या ऑफिसातून एका बाईंचा पत्ता लागला. काताओका-सान. सान म्हणजे आपल्यातलं 'जी'. वकील आहेत, साठीच्या पुढच्या, परदेशी लोकांचीच कामं करतात. रात्रीच आमच्याकडे आल्या, माझ्या अंथरुणाशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी सगळं स्वच्छ सांगितलं. या चौकशीत वकील म्हणून मला आत जाता येणार नाही. तसा हक्क त्या खोलीत नाही. पण कायद्यात एक फट आहे. त्या माणसानं स्वतः मागितलं आणि अधिकाऱ्यानं परवानगी दिली, तर त्याचा एक नातेवाईक किंवा एक ओळखीचा माणूस शेजारी बसू शकतो. तर मी वकील म्हणून नाही, ओळखीची बाई म्हणून बसेन. आत बसले की बोलेन. फक्त तुमच्या आईंनी एवढं म्हणायला हवं, की ही माझ्या ओळखीची आहे, हिला बसू द्या.

मामा, ऐकताय ना तुम्ही? ओळखीची आहे असं आईनं म्हणायला हवं. आणि मी तिच्याकडून काल संध्याकाळी काय घोकून घेतलंय?

सकाळपासून विमानतळावर फोन लावते आहे. निरोप पोचवण्याची सोय नाही, दिलगीर आहोत. माझ्या आईला एवढंच सांगा की बाई मुलीनं पाठवली आहे. दिलगीर आहोत.

काताओका-सान म्हणाल्या, मला तुमच्या आईंबद्दल सांगा, खोटी ओळख मी सांगणार नाही, खरी करून घेईन. मग मी सांगत बसले. आई चहात आलं किसून नाही, ठेचून घालते. आजारी माणसाशी मोठ्यानं बोलते. बाळ पायांवर घेतलं की आधी त्याला विचारते, "हे माणूस कुणाचं?" आणि तेल लावता लावता स्वतःच उत्तर देते. कुठल्याही बाळाला, कुणाच्याही घरचं असो. काताओका-साननी तो प्रश्न माझ्याकडून शिकून घेतला. हे माणूस कुणाचं. ण त्यांना येत नाही, पण बाकी येतं. आईकडे बघून तेवढं म्हणेन, म्हणाल्या. मी पाठवलंय हे आईला त्यावरून कळेल. बोलू दिलं तर.

त्या आता निघताहेत. बाकी नंतर लिहिते.

सुरुची

सातारा,
७ नोव्हेंबर

सुरुची,

आत्ता वाचलं. मी गणपतीपुढं बसलो आहे, आणि तुझ्या मामीला ठाऊक आहे की मी कधी बसत नाही.

माझं ते वाक्य परत घेण्याची काही तरी सोय असेल. तार करता येत नाही का? विमान कंपनीचा माणूस आत जात असेल, त्याच्या पाया पडा. मी लिहिलं ते इथल्या फाटकाकडे बघून लिहिलं गं. चांगला वकील दाराशी येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी स्वतः वकील, आणि डोक्यात आलं नाही.

काय झालं ते लगेच कळव.

मामा

ग्योतोकु,
८ नोव्हेंबर

ती. मामा,

काल लिहिलं नाही, कारण काल मी घरी नव्हते. हे मी तुमच्यापासून लपवणार होते, पण आता लपवून काय राखायचंय? मी काताओका-सानबरोबर विमानतळावर गेले. राजस नको नको म्हणत होता, शेवटी टॅक्सीत माझे पाय मांडीवर घेऊन बसला. मला वाटलं, दार उघडताना एकदा जरी आईनं मला पाहिलं तरी ती समजेल.

दार उघडलं ते फक्त काताओका-सानसाठी. मी आणि राजस बाहेर बाकावर. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं तसं लिहिते.

आई खुर्चीत ताठ बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. काताओका-सान आत गेल्यावर अधिकाऱ्यानं आधीच बजावलं, की परवानगी मिळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मग फोनवरच्या दुभाष्यानं आईला हिंदीत विचारलं, या बाई तुमच्याबरोबर बसू इच्छितात, तुम्ही यांना ओळखता का? आईनं त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, म्हणाल्या. आणि म्हणाली, ओळखत नाही.

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं आणि काताओका-सानना बाहेरचा रस्ता दाखवला. दारापर्यंत आल्यावर त्या वळल्या. आता नियम पाळून कुणाचं भलं होणार होतं? अधिकारी थांबवत असतानाच त्यांनी म्हटलं, "हे मानुस कुनाचं?"

आई उठून उभी राहिली. काही तरी बोलली. अधिकाऱ्यानं फोनवर विचारलं, काय म्हणाली? दुभाषी म्हणाला, हे हिंदी नाही, मला कळलं नाही. आणि दार बंद झालं.

काताओका-सान माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "सुरुची-सान, आमचं-च-की म्हणजे काय?"

प्रश्न मी त्यांना शिकवला होता. उत्तर शिकवलं नव्हतं, मामा.

आम्ही तिघं जाऊन त्या काउंटरला चिकटलो. काताओका-सान कधी नव्हे ते आवाज चढवून बोलल्या, तिनं ओळखलं, ती आत्ता म्हणाली, पुन्हा विचारा. उत्तर नोंदवलं गेलं आहे, दिलगीर आहोत. संध्याकाळी निकाल आला, प्रवेश नाही. काताओका-सान म्हणाल्या, हरकत घ्यायला अजून वेळ आहे, ती मागेल, धीर धरा, मी सगळं लिहून तयार ठेवते. पण आईनं हरकत घेतलीच नाही. निकाल मान्य आहे म्हणून तिनं लगेच सही केली, आणि तिला परतीच्या विमानात बसवलं.

का केली सही? तुम्हीच सांगितलं होतं ना, गोड बोलून कुणी सही घेईल. मला वाटतं ती माझ्यावर रागावली. मी तिला चुकीचं पढवलं आणि मग तोंडघशी पाडलं, असं तिला वाटलं असणार. ती उद्या साताऱ्यात पोचेल. तिला विचारा. नाही तर नका विचारू. मला आता काही कळत नाही. पोटात दुखतंय.

सुरुची

सातारा,
१२ नोव्हेंबर

चि. सुरुची,

प्रभा सुखरूप पोचली. सुखरूप म्हणजे चालत आली. बॅग तशीच बंद ठेवली आहे, उघडू देत नाही. शेजारणी विचारायला आल्या, एवढ्यात कशी आलीस, तर म्हणाली, काम झालं. मी विचारलं तर उठून देवघरात गेली.

तिनं हाय खाल्ली असावी. एकटी बाई, चहूकडून प्रश्न, कुठवर टिकणार? सही करून मोकळी झाली. मी पक्षकारांना असं कोसळताना पाहिलं आहे. तू स्वतःला दोष देऊ नकोस. ते वाक्य माझं होतं. तू फक्त वाचलंस.

काल मी माझी कायद्याची पुस्तकं एका नव्या पोराला देऊन टाकली. मामी म्हणते, आता तरी भिंत दिसेल. भिंत दिसतेय.

दुखणं थांबलं का ते लिही.

मामा

सातारा,
२० नोव्हेंबर

चि. सुरुचीस आईचे आशीर्वाद.

दादा म्हणतो ईमेल करतो, तू सांग, मी टाइप करतो. पण मला त्याच्या हातून लिहायचं नाही. तो रडायला लागतो आणि मग मलाच त्याला चहा करून द्यावा लागतो. म्हणून पोस्टानं पाठवते आहे. पोचायचं तेव्हा पोचेल.

तू तुझ्या मामाला लिहिलंस की आई माझ्यावर रागावली. वेडी का काय? आणि तो म्हणतो मी हाय खाल्ली. दोघंही शहाणे. मी हाय-बिय काही खाल्ली नाही. खोलीत मला कुणी त्रास दिला नाही. एक पोरगी पहाऱ्याला होती, ती माझ्या गुडघ्यावर शाल घालून जायची.

त्या बाईला मी ओळखत नाही म्हणाले. दादानं सांगितलं होतं म्हणून म्हणाले, आणि खरंही तेच होतं. मी त्या बाईला जन्मात पाहिलं नव्हतं. मग ती दारातून तसं बोलली, आणि मला कळलं, ही माझ्या लेकीच्या उशाशी बसून आलेली आहे. मी उत्तर दिलं. पण तोवर माझं आधीचं उत्तर लिहून झालं होतं.

आता सहीचं सांगते. निकाल लागला तेव्हा साहेबानं समजावलं, की तुम्ही हरकत घेऊ शकता. दुभाषी पण चांगला होता, दोनदा सांगितलं. सगळं मला कळलं होतं. इथं राहावं लागेल, वेळ लागेल, पण बाहेरची बाई मदत करील. मी घेणारच होते हरकत. दोन वर्षं त्या खोलीत काकडी खाऊन काढली असती. मी फक्त एक विचारलं, माझ्या मुलीला हे कसं कळेल? तर साहेब म्हणाला, कळवायची गरज नाही, त्या बाहेरच बाकावर आहेत, दुपारपासून.

दुपारपासून, सुरुची. उठू नको म्हणून सांगितलेली पोर, दुपारपासून बाकावर. मी आत बसून राहिले असते तर तू रोज आली असतीस. मी तुला ओळखते. तू रोज टॅक्सी करून आली असतीस आणि त्या बाकावर बसली असतीस. मग कुणाच्या बाळाला तेल लावायला राहायचं होतं मी? मी म्हटलं, द्या तो कागद. मी गेले की ही घरी जाऊन पडेल.

भूकंपाच्या वर्षी मी आले नाही म्हणून ते बाळ गेलं, असं तू कधी म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. या खेपेला मी आले म्हणून जाऊ नये, एवढंच माझ्या हातात होतं.

त्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या तोंडावर ओळखत नाही म्हणाले, त्याचं वाईट वाटून घेऊ नका म्हणावं.

आणि दुखणं थांबलं का ते कुणीच मला सांगत नाही.

आई

ग्योतोकु,
१४ डिसेंबर

प्रिय आई,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी दवाखान्यात होते. दुखणं थांबलं नव्हतं. रक्त जायला लागलं आणि पोट फाडून मुलीला काढावं लागलं. जगली आहे. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच. जगली आहे. आता घरी आणलंय, पण इतकी लहान आहे की राजस तिला उचलायलाच तयार नसतो.

दवाखान्यात ती काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेर. हात घालायला दोन भोकं असतात, त्यातून बोट लावायचं. नर्स म्हणायची, थोडं थांबा, अजून नाही. मी रोज काचेशी बसायचे आणि मला तुझी खोली दिसायची. तू माझ्यामुळे सही केलीस. मी तुला एकदा बघायला म्हणून आले, आणि माझ्या येण्यानंच तुला परत पाठवलं. याचं मी काय करू, आई? मामा म्हणतात वाक्य त्यांचं होतं, राजस म्हणतो खोटं त्याचं होतं, आम्ही सगळे दोष वाटून घेतो आणि तो संपत नाही.

काताओका-सान येऊन गेल्या. तुझा नमस्कार सांगितला तर त्यांनी जमिनीला डोकं टेकलं. पुन्हा व्हिसाचा अर्ज करू म्हणाल्या, पण खोटी आशा दाखवली नाही. एकदा परत पाठवल्याची नोंद आहे. मिळेल तेव्हा मिळेल, वर्ष लागेल, कदाचित जास्त. आणि पुन्हा तीच खोली, तेच प्रश्न, आणि वकील बाहेरच.

तू नाहीस म्हणून कश्मिरानं तिच्या सासूला व्हिडिओवर विचारून तेल कढवलं. काल पहिल्यांदा मी जमिनीवर पाय पसरून बसले आणि मुलीला पायांवर घेतलं. टाके दुखत होते. तू करतेस तसंच केलं, आधी पायाच्या तळव्यांना, मग वर. आणि विचारलं, हे माणूस कुणाचं?

मग मला पुढचं बोलता येईना. ती माझ्याकडे बघत होती आणि मी वाट बघत होते.

सुरुची

सातारा,
२४ डिसेंबर

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद, आणि जिचं नाव अजून कुणी कळवलेलं नाही तिलाही.

तुझं पत्र दादानं छापून आणून दिलं आणि लगेच बाहेर निघून गेला. मी आज बॅग उघडली. लाडवांना बुरशी आली होती. तेल चांगलं आहे. चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि बाटल्या आमच्या गल्लीत ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांना देऊन आले. एक ठेवली.

दोष वाटून घेत बसू नका. तेवढा वेळ पोरीला द्या. आता नीट ऐक. तळवे झाले की पोटऱ्या, वरून खाली नाही, खालून वर. पोटाला गोल, हलका हात, तुझे टाके सांभाळून. टाळूवर तेल जिरू दे, चोळायचं नाही. ती रडेल. रडू दे, अंग मोकळं होतं. धुरी देऊ नकोस, तुझ्या घरातला तो धुराचा भोंगा वाजेल. आणि विचारलंस की उत्तरही तूच द्यायचं. बाळं बोलत नाहीत, म्हणून आपणच बोलायचं असतं. मी इथं रोज सकाळी अंघोळीच्या वेळेला एकदा मोठ्यानं म्हणते. शेजारच्यांना वाटतं, म्हातारी बडबडायला लागली. वाटू दे.

व्हिसाचं जे व्हायचं ते होईल. मी अर्ज करीन, पुन्हा येईन, पुन्हा खरंच सांगीन. दादा म्हणतो, या वेळी आधी फोटो पाठवा, माणसांची तोंडं बघून घेऊ, म्हणजे ओळखायला चुकणार नाही. त्या बाईंचाही पाठव. माझाही एक पोरीच्या पाळण्याला लावून ठेव.

पण मला रोज वाटतं ते तुला सांगून टाकते. मी येईन तेव्हा ती चालायला लागलेली असेल, तुमच्या तिकडचं बोलत असेल. दारात मला बघून तुझ्या मागं लपेल. तू तिला विचारशील, ही कोण, ओळखतेस का? ती नाही म्हणेल. तिला रागावू नकोस. ती खरंच बोलत असेल.

आई